टॉर्चपाशी ओरडलं कोण?

कुणी असले भुताटकीचे अनुभव सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. पण हा माझाच आहे... उठून जाणार कुठे?

२०१० च्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापूरकडचा, नववीतून शाळा सोडलेला. गोंदियाहून दवनीवाड्याला जाताना लागणाऱ्या एका शेडमध्ये हेल्पर होतो. तिथल्या साहेबांनी काम दिलं, राहायला खोली दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही. तिथे प्लाझ्मा टॉर्चच्या चाचण्या चालायच्या. विजेची ज्वाला, लोखंडाचीही वाफ करणारी! अणुभट्टीच्या कचऱ्यातले धातू वेगळे करायची ही पद्धत, पण आमच्याकडे साधेच धातू मिसळून सराव. एक धातू वाफ होऊन वरच्या थंड तांब्यावर बसायचा, दुसरा खाली मुशीत राहायचा.

टॉर्च सुखदेव चालवायचा. दवनीवाड्याचाच, आयटीआय केलेला. ज्वालेचा रंग पाहून सांगायचा, "सुटला धातू." साहेब त्याला 'सुखदेवजी' म्हणायचे. मला, 'अरे'. त्याचा डबाही घरून गरम यायचा. मी आतल्या आत जळायचो. त्यात साहेब आमच्यापैकी एकालाच पुढे मोठ्या प्लांटवर नेणार होते.

टॉर्चमध्ये थंड पाणी फिरलं नाही तर ती फुटते, समोरचा माणूस जातो. पाण्याचा अलार्म बिघडलेला. म्हणून सुखदेवनं व्हॉल्व्ह उघडायचा, मी परतीच्या पाइपला हात लावून "आलं" ओरडायचं, मगच तो बटण दाबणार.

त्या दुपारी साहेब त्याचं कौतुक करत होते आणि तो व्हॉल्व्ह विसरला. मी हात लावला — पाइप मुका, आत पाण्याची थरथर नाही. मनात आलं, एकदा जळू दे टॉर्च, कळू दे साहेबांना त्यांचा सुखदेवजी काय आहे! माणूस मरेल हे तेव्हा डोक्यातच आलं नाही, खरं सांगतो. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, म्हणून नुसता अंगठा दाखवला.

त्यानं बटण दाबलं. ज्वाला पेटली, आणि शेडभर आवाज घुमला, "पाणी न्हाई रं!"

माझा आवाज. माझाच! पण माझं तोंड खर्ऱ्यानं भरलेलं, मिटलेलं.

सुखदेवनं टॉर्च बंद केली. साहेब धावत आले, मला मिठी मारली. "घाईत अंगठा दाखवला, पण वेळेवर ओरडलास!" प्लांटवर माझंच नाव गेलं.

निघायच्या दिवशी सुखदेव स्टेशनवर आला. म्हणाला, "का गा कोल्हापूर, तुझं तोंड तं बंद होतं. मी पाहून राहिलो होतो."

मी विचारलं, "मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"कायले सांगू? आवाज तं तुझाच होता ना." आणि घरून आणलेला डबा त्यानं माझ्या हातात ठेवला.

तेव्हा ओरडलं कोण, मला आजही माहीत नाही. पण जो कोण होता, त्याला सुखदेव जिवंत हवा होता. मला नव्हता... एवढंच नक्की माहीत आहे.