बोलणारा कॉम्प्युटर

बायकोच्या उजव्या डोळ्याची नजर गेली आहे हे आम्हा दोघांनाही बरेच दिवस कळलं नाही. बाजारात चालताना ती उजव्या बाजूच्या माणसांना धडकायची आणि माणसांवरच चिडायची. "लोक काऊन असे अंगावर येऊन राह्यले जी?" असं मला विचारायची. मीही लोकांनाच दोष द्यायचो. शेवटी चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा समजलं, काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच होता, आणि डाव्या डोळ्यात नळीतून बघावं तेवढंच उरलं होतं.

"गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेली जमेल तितके दिवस टिकवू."

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"ते सांगता येत नाही, बाई."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत राहिली. खताचं दुकान, धाबा, पुढे वळण आहे, वन्यप्राण्यांपासून सावधान. आमचं गाव गोंडपिपरी येईपर्यंत तिनं एकही पाटी सोडली नाही. पुढच्या सीटवरच्या माणसानं दोनदा मागे वळून बघितलं. मी तिला थांबवलं नाही.

ती जिल्हा परिषदेची शिक्षिका होती. अहेरीकडच्या जंगलातल्या शाळांमध्ये तिनं बावीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. मी वनविभागाच्या लाकूड आगारात कारकून होतो. माझी नोकरी लाकडाच्या नंबरांत गेली आणि तिची मुलांच्या शब्दांत. पहिलीत येणाऱ्या मुलांना मराठी यायची नाही, गोंडी यायची. पाणी म्हटलं तर मूल नुसतं बघत राहायचं, येर म्हटलं की उठून माठाकडे जायचं. असे शब्द ती वहीत टिपून ठेवायची आणि कोणत्या मुलानं कधी म्हटला तेही लिहायची. पुढे तिनं मराठी टायपिंगची परीक्षा दिली, स्वतःच्या पैशानं कॉम्प्युटर घेतला आणि सगळ्या वह्या त्यात उतरवून काढल्या. दर रविवारी दुपारी तिची बोटं चालायची. की-बोर्डकडे ती बघायचीसुद्धा नाही. वह्या मात्र बदलीच्या गडबडीत शाळेच्या कपाटातच राहिल्या, आणि पुढे ते कपाटही राहिलं नाही.

तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली. अपंगत्वाचा दाखला काढायला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तिथे रांगेत तो माणूस भेटला. जन्मापासून आंधळा, एका सरकारी कचेरीत टेलिफोनवर बसणारा, पन्नाशीचा. आम्ही त्याला भाऊच म्हणायचो. बायको मला विचारून विचारून अर्ज भरत होती ते त्यानं ऐकलं.

"बाई, तुमाले टायपिंग येते का?" त्यानं विचारलं.

"येत होतं."

"बोटं विसरत नाईत. कॉम्प्युटर बोलता करून घ्या."

मोबाईल बोलतो हे आम्हाला ठाऊक होतं. तिनं तो वापरूनही बघितला होता. पण त्या सपाट काचेवर तिच्या बोटांना काही लागायचं नाही. नको तिथे हात लागायचा आणि तो भलतंच काही उघडून बसायचा. आठवडाभरात तिनं तो माझ्याकडे दिला. की-बोर्डची गोष्ट वेगळी होती. भाऊ बोलला तेव्हा तिचा चेहरा मी बघितला, आणि पुढच्याच रविवारी त्याला घरी बोलावलं.

तो बसनं आला. खिशात पेन ड्राइव्ह होता. आमचा कॉम्प्युटर जुना, त्यातली विंडोज सुरू होईस्तोवर चहा पिऊन व्हायचा. भाऊ म्हणाला, ही काढून लिनक्स टाकू. ते फुकट असतं, जुन्या मशीनवरही चालतं, आणि वाचून दाखवणारा आवाज त्याच्यासोबतच येतो. मी तोवर लिनक्सचं नावच ऐकलं होतं. आधी तिच्या फायली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घ्या, असं त्यानं मला सांगितलं. मी तिच्या सगळ्या फायली काढल्या, दोनदा मोजल्या.

मग त्यानं तीन बटणं एकत्र दाबली आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. आवाज पुरुषाचा होता, पण पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा. भाऊ मान तिरपी करून ऐकायचा आणि पुढचं बटण दाबायचा. स्क्रीनकडे त्याचं तोंडही नव्हतं. मध्येच मी म्हणालो, "इथं काहीतरी लाल आलं आहे." तो म्हणाला, "आलं असन. त्यानं मले सांगितलं." तासाभरात जुनं सगळं गेलं आणि नवं आलं. पडदा निळा झाला, त्यावर दोन-तीनच चित्रं. मला ते घर रिकामं केल्यासारखं वाटलं.

बायकोला खुर्चीवर बसवून भाऊनं काहीतरी लिहायला सांगितलं. तिनं सवयीनं बोटं ठेवली आणि काना द्यायला बटण दाबलं. आवाज म्हणाला, "क."

"मी काना देल्ला," ती म्हणाली.

"बाई, तुमी शिकल्या ते टाइपरायटरचं. हे वेगळं हाये. तुमचं जुनंबी बसवून देता येईन."

"नको. नवीनच शिकतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.

दोन महिने ती शिकली. सकाळी जेवणाआधी तासभर आणि दुपारी तासभर. रस्त्यावरून सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक गेले की आवाज ऐकू यायचा नाही, मग ती हात थांबवून बसायची. ट्रक एकामागं एक असले तर बराच वेळ तशीच बसायची. पहिल्यांदा "घर" लिहिलं आणि मशीननं "घर" म्हटलं तेव्हा ती हसली. त्या वर्षात ती हसल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

पण त्या आवाजावर तिचा राग होता. तो "चांगलं" मधला च "चहा" मधल्यासारखा म्हणायचा. "चोच" म्हणताना तर दोन्हीकडे चुकायचा. पहिलीच्या पोरांनी असं म्हटलं असतं तर तिनं त्यांच्याकडून दहादा म्हणवून घेतलं असतं. इथे ती मशीनला सांगायची, "चांगलं. चांगलं म्हन." मी स्वयंपाकघरातून ऐकायचो. तोवर स्वयंपाक माझ्याकडे आला होता.

एक दिवस ती म्हणाली, "आता माझ्या फायली लावून द्या जी. पोरायचे शब्द ऐकतो."

मी पेन ड्राइव्ह लावला, पहिली फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी होती. मी तिला काही सांगण्याआधीच मशीननं वाचायला सुरुवात केली. ती कुठल्याच भाषेतली वाक्यं नव्हती. तिनं बाणाचं बटण दाबून एकेक अक्षर ऐकलं. आय. के. डॉट. के. एच.

"हे काय हाये?"

"थांब, दुसरी बघतो."

दुसरीही तशीच होती, तिसरीही. मी सगळ्या उघडल्या. ती माझ्या पाठीमागे, हात मांडीवर ठेवून बसली होती आणि प्रत्येक फाईल उघडली की मशीन ती खिचडी वाचून दाखवत होतं. शेवटी मी आवाजच बंद केला.

भाऊला फोन लावला. त्यानं मला पहिल्या ओळीतली अक्षरं वाचायला लावली. मग म्हणाला, "बाईनं जुन्या फॉन्टात टाईप केलं असन. चूक माही हाये, मी तेव्हा इचारलं नाई." त्यानं मला समजावलं. त्या फॉन्टात मराठी असं काही नसतंच. आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून त्यांना मराठीचं रूप दिलेलं असतं.

"मग तो फॉन्ट आणून टाकतो ना," मी म्हणालो.

"टाकला तर तुमच्या डोळ्याले दिसन जी. बाईच्या कानाले नाई."

मी फॉन्ट मिळवून टाकला. मला दिसायला लागलं, तिची वाक्यं जशीच्या तशी. ती वाक्यं माझ्यासमोर होती आणि बायको शेजारी बसून डब्यातला आवाज "आय, के" म्हणताना ऐकत होती.

भाऊ पुन्हा आला. जुनी अक्षरं नव्यात बदलणारी एक सोय त्यानं सोबत आणली होती. दुपारभर आम्ही तिघं बसलो. साधी मराठी वाक्यं बरीचशी बदलली. एखादी वेलांटी भलत्या अक्षराला लागायची, जोडाक्षर फुटायचं, पण अर्थ कळायचा. गोंडी शब्दांचं मात्र काही खरं नव्हतं. मराठीत नसलेल्या उच्चारांसाठी तिनं टाईप करताना स्वतःच्या खुणा ठरवल्या होत्या, कुठे टिंब, कुठे तारा, कुठे उलटा काना. त्या खुणांतून काहीच्या काही शब्द तयार झाले होते.

मशीन शब्द म्हणायचं आणि भाऊ तिला विचारायचा, "हा बरोबर हाये का, बाई?"

पहिले काही तिनं दुरुस्त केले. मग एका शब्दाला ती थांबली. मशीननं तो परत म्हटला. तिनं तोंडातल्या तोंडात दोन-तीन प्रकारे म्हणून बघितला.

"मले आता सांगता येत नाई," ती म्हणाली. "असाच असन. का नसन."

"तुमची खूण कोन्ती होती? तारा म्हंजे कसा आवाज?"

"तेच तं आठवत नाई, भाऊ. मी लिवलं होतं म्हनून आठवनीत ठेवलं नाई."

मग मी पडद्यावरचं मूळ वाचून दाखवायला लागलो. पण गोंडी मला येत नाही. आगारात मजुरांशी बोलण्यापुरते चार शब्द, तेवढंच. मी वाचलं की ते मशीनपेक्षाही वाईट व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या शब्दाला ती म्हणाली, "राहू द्या जी."

भाऊनं चहा घेतला. निघताना ओसरीवर तो तिच्याशी बोलला. "बाई, मी जन्माचा असाच. माहं काही गेलंच नाई तं मी काय आठवू? मले वाटलं मले जमते तं तुमालेबी जमन. तुमचं वेगळं हाये, हे मले समजाले पाह्यजे होतं."

"तुमी चांगल्यासाठीच केलं," ती म्हणाली. तिनं त्याला फाटकापर्यंत पोचवायचा हट्ट धरला. ती दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गेली आणि मी मागून, कोणी अडखळू नये म्हणून.

त्यानंतर ती आणखी पंधरा-वीस दिवस बसली असेल. नवीन काही लिहायची नाही. एक फाईल लावायची, दोन ओळी ऐकायची, बंद करायची. होळीच्या आसपास डाव्या डोळ्यातली नळीही मिटली. सकाळी उठून तिनं मला विचारलं, लाईट गेली का. मी म्हणालो, नाही. ती "बरं" म्हणाली आणि हातानं भिंत धरत मोरीकडे गेली. त्या दिवसापासून ती त्या खुर्चीवर बसली नाही. मी एकदा विचारलं, लावून देऊ का. ती म्हणाली, "त्या बाप्याचा आवाज आता मले घरात नको."

मी अहेरीला जाऊन आलो, ते शब्द कागदावर उतरवून कोणा जुन्या विद्यार्थ्याला दाखवावे म्हणून. तिच्या शाळेतला एक बाजारात भेटला, आता ट्रकवर आहे. त्यानं बाईंची तब्येत विचारली, कागद उलटसुलट बघितला, पाच-सहा शब्द वाचले. म्हणाला, "सर, आमच्याकडं असं म्हणत नाईत. दुसऱ्या गावाकडचं असन." मला सर म्हणायचं काही कारण नव्हतं. त्याला निघायचं होतं. मी कागद घडी करून ठेवला आणि दुपारच्या बसनं परत आलो. कुठे गेलो होतो हे तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

पावसाळ्यात भाऊचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, "बाई लावतात का कॉम्प्युटर?"

ती समोरच बसली होती, तांदूळ निवडत. बोटांनी खडे लागतात, म्हणून ते काम तिनं स्वतःकडे ठेवलं होतं. माझं बोलणं तिला ऐकू जात होतं.

"लावते ना," मी म्हणालो. "रोज लावते."

"चांगलं हाये," तो म्हणाला.

तिचा हात थांबला नाही. एक खडा निघाला, तो तिनं बाजूला ठेवला.