आत्याचं नाक आणि गाडीतला वास

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या धनुर्मासात, बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या एका अरुंद गल्लीत, पहाटेच्या थंडीत, माझ्या गाडीत पेट्रोलचा वास येत होता. हा वास मला येत होता. जगात फक्त मला येत होता. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. मात्र निवेदन संपेपर्यंत कोणी काडी ओढू नये.

आता सविस्तर सांगतो. आमचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या मागोमाग इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमच्या घरात मराठीत स्वल्प कन्नड असतं, आणि धनुर्मासात सूर्य उगवायच्या आत देवाला हुग्गी पोचवावी लागते. हुग्गी म्हणजे मुगाची खिचडी. आलं, मिरे आणि तूप यांनी सजलेली, कढत. ती आत्या करते. ऐंशीच्या उंबरठ्यावरची माझी आत्या अंधारात उठते, अंघोळ करते, हुग्गी रांधते, स्टीलच्या डब्यात भरते आणि मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसते. मग मी तिला मल्लेश्वरमच्या देवळात नेतो. वर्षानुवर्षं नेतोय. माझ्या हातून नेमानं घडणारं हे एकमेव पुण्य, आणि तेही झोपेत.

पण गेल्या वर्षी आत्याला ताप आला, ताप गेला आणि जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. हिंग कळेना, कापूर कळेना. माझी बायको पुण्याची, तिला प्रयोग केल्याशिवाय चैन पडत नाही. तिनं आत्याच्या नाकाखाली लसूण धरला, कॉफीची पूड धरली, डांबरगोळी धरली. आत्या शांतपणे म्हणाली, "पुढं काय? माझा नवरा आणून धरणार?" तो जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती. बायको हसत हसत स्वयंपाकघरात पळाली.

हसण्यासारखं मात्र फार नव्हतं. वास गेला तशी चव गेली. "माती खाल्ल्यासारखं वाटतं रे," म्हणत आत्या दोन घासांत ताट सारायची. बांगड्या मनगटावरून घसरून कोपराकडे जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार, वाट बघा. आम्ही वाट बघत होतो. दुसरं काहीच करता येत नव्हतं.

तिला मात्र त्यातही विनोद सुचायचा. नैवेद्याचा वास देवाच्या आधी आपण घ्यायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. त्यामुळे लहानपणी हुग्गी शिजताना आम्हा पोरांना मागच्या अंगणात हाकलायचे. आत्या म्हणायची, "यंदा माझ्याइतका शुद्ध नैवेद्य कुणाचा नाही बघ. देवानं नियम मोडायची सोयच ठेवली नाही." असं म्हणत ती अंदाजानं मिरे टाकायची. तो अंदाज आम्ही डोळ्यांत पाणी आणून खायचो. पुजाऱ्यांनी तर एके दिवशी तीर्थाचं भांडंच तोंडाला लावलं.

तर अशा या नाकाला मागं बसवून मी पहिल्या थंड पहाटे गाडी सुरू केली, आणि भप्पकन पेट्रोल!

"आत्या, वास येतोय?"

"कोणाला विचारतोयस?"

चूक माझीच. मी चारही काचा खाली केल्या. आत्यानं काषाय रंगाची शाल कानांवरून घेत विचारलं, "मला देवाकडे नेतोयस की देवाघरी?" मी काचा वर केल्या. वास वाढला. मी काचा खाली केल्या. असं खालीवर करत आम्ही पूल ओलांडला, इंजिन तापलं आणि वास गेला. पार गेला. देवळाच्या दारात मी वेड्यासारखा सीटला, चटईला, आरशालासुद्धा नाक लावून हुंगत होतो. फुलवाली बघत होती.

"स्वल्प थंडी डोक्यात गेलीय त्याच्या," आत्यानं तिला कन्नडात समजावलं.

दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्याही. पेट्रोलचा वास म्हणजे कुठंतरी गळती, आणि गळतीला एक ठिणगी पुरते, एवढं मलाही कळत होतं. आणि ठिणगी गाडीतच होती. आत्याला गाडीच्या काचेजवळच्या गणपतीपुढं रोज उदबत्ती लावायची सवय. मी वासाची तक्रार केली की ती मोठ्या समजूतदारपणे पिशवीतून काड्यापेटी काढायची.

"वास येतोय ना तुला? थांब, चंदनाची लावते."

"आत्या, काडी नको! हात वर! पेटी खाली!"

एखाद्या दरोडेखोराला दटावावं तसा मी ओरडलो. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मी गाडी शिवाजीनगरला माझ्या जुन्या मेकॅनिककडे नेली. आता या दुर्दैवाची रचना नीट बघा. वास येतो फक्त गार इंजिनाला. मेकॅनिककडे जायला गाडी चालवावी लागते. चालवली की इंजिन तापतं, तापलं की वास जातो. म्हणजे आरोपीला कोर्टात नेलं की तो वाटेतच साधू होतो. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, वाकला आणि म्हणाला, "सार, कुछ बास नै आरी." ती येणारच नव्हती. त्याच्या गॅरेजात भिंती, फडकी, चहाचा ग्लास, सगळ्यालाच पेट्रोलचा वास; त्यात माझा वास त्यानं वेगळा कसा ओळखावा? "रातभर रखो, सुबे देखेंगे," तो म्हणाला. ठेवली. तर त्याच्या शेडला लागून एक बेकरी, आणि भिंतीपलीकडे भट्टी. सगळं बेंगळुरू कुडकुडत असताना माझी गाडी पावाच्या उबेत झोपली आणि सकाळी निरागस उठली.

"सार, डॉक्टर को दिखाव," मेकॅनिक म्हणाला. गाडीला नाही. मला.

मग मी रिक्षाचा प्रयोग केला. पहाटे यशवंतपुरात रिक्षा मिळतात, पण सगळ्यांना बाजारात कांदे न्यायचे असतात. एक तयार झाला. वाटेत दोन्ही बाजूंनी असा वारा आला की आत्याला खोकल्याची उबळ थांबेना, आणि देवळात पोचेस्तोवर हुग्गीचा दगड झाला. तिनं डब्याला हात लावून बघितला. मग म्हणाली, "मला वास नाही, चव नाही. निदान देवाला तरी गरम मिळू दे की रे."

 

पुन्हा गाडी. पण आता मी बंदोबस्त वाढवला. काड्यापेटी जप्त केली. इंजिन सुरू करून गाडी गल्लीत उघडी ठेवायची, चारही दारं सताड, आणि तापल्यावर आत्याला बसवायचं. शेजारच्यांना वाटे आम्ही रोज पहाटे गाडी ओवाळतो. बायकोनं आत कॉफीच्या पुडीची पुरचुंडी टांगली, आत्यानं मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा अडकवला, आणि मला एकट्याला पेट्रोल पंपावर कुणाचं तरी लग्न लागल्यासारखा वास यायला लागला. घरात माझी अवस्था भूत दिसणाऱ्या माणसासारखी झाली होती. सगळे माझ्याशी जपून बोलत. एकदा मीच आडून आत्याच्या डॉक्टरांना विचारलं, नसलेला वास येणं हा काय प्रकार असतो? ते म्हणाले, तोही असतो.

शेवटी मी मेकॅनिकच्या हातापाया पडलो. पहाटे घरी ये, गार गाडी बघ, वर गरम हुग्गी खा. हुग्गीला तो भुलला. तिच्यातले मिरे त्याला ठाऊक नव्हते.

आला बिचारा. अंधारात स्कूटर थांबली, माकडटोपीतून दोन डोळे दिसले आणि पहिला आवाज आला तो शिंकेचा. मग दुसऱ्या शिंकेचा.

"सार, सर्दी हुई. नाक पूरा बंद."

मी गल्लीत मट्‌कन खाली बसलो. इतक्या विनवण्या करून आणलेला माझा एकुलता एक साक्षीदार! आत्या मात्र खुलली. "ये बाबा, ये. आता बिननाकाचे आपण दोघं झालो," असं म्हणून ती दार उघडून, माझा बंदोबस्त धाब्यावर बसवून, सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली. डबा मांडीवर. "उशीर होतोय. तुमचं नाटक तुम्ही पुढं करा, मी बसते."

मी हात जोडले. उतरायला सांगितलं. ती डब्याचं झाकण घट्ट करत बसली. तेवढ्यात मेकॅनिकनं किल्ली फिरवलीसुद्धा. इंजिन खोकलं, सुरू झालं, आणि तोच तो वास माझ्या तोंडावर आदळला. आम्ही बॉनेटखाली डोकी घातली. मी मोबाइलचा उजेड धरला, तो नळ्या चाचपत गेला. एका रबरी नळीच्या टोकाशी, जिथं ती पट्टीनं आवळलेली असते तिथं, उजेडात काहीतरी चमकलं. त्यानं बोट लावलं. बोट ओलं झालं.

"अरे हां, सार! पैप कडक हुआ. ठंड में सिकुड़ता, गरम हुआ तो फिर पकड़ लेता." त्यानं घाईनं इंजिन बंद केलं आणि ते ओलं बोट मला दाखवलं. वास त्याला अजूनही येत नव्हता.

मी गल्लीत दोन्ही हात उंचावले. बायको गॅलरीत आली. मला ओरडून सांगायचं होतं की मी वेडा नाही, की डॉक्टरांना कळवा, की फुलवालीलाही कळवा. पण त्याआधीच मागची काच खाली आली.

आत्याचं डोकं बाहेर आलं. तिनं पदर नाकाला लावला होता. मग तो हळूच बाजूला केला, पुन्हा एक श्वास घेतला, आणि तोंड असं वाकडं केलं, जसं गेल्या कित्येक महिन्यांत आम्ही पाहिलं नव्हतं. आणि सगळी गल्ली जागी होईल अशा आवाजात ती कडाडली:

"अय्यो मेल्या, असल्या घाणीत बसवून रोज मला देवाला नेत होतास?"