टोपलीवरची इटलीची मासोळी
माझं अक्षर वाकडं आहे, लिहिण्यात चुकाही होतील, सांभाळून घ्यावं. आज भिंतीला नवं कॅलेंडर लावताना एक जुनं आठवलं. गडचांदूरच्या कारखान्यात आलेल्या परदेशी साहेबानं ते तिथं कामाला असलेल्या माझ्या दिराला दिलं होतं. त्यात इटलीतल्या एका म्युझियममधली चित्रं होती, आणि एका पानावर ताटात ठेवलेली लालभडक मासोळी. बाजारात मासोळ्या विकताना माझ्या तोंडून हाक निघत नसे, म्हणून सासूबाईंनी ते पान माझ्या टोपलीला लावलं. म्हणाल्या, "तू बोलू नोको, चित्र बोलन." पण गिऱ्हाईक तलावातल्या मासोळ्यांकडं बघेचनात. "बाई, मले हेच लाल पायजे!" ऊन चढलं, माल मऊ पडायला लागला, तशी मी ओरडले, "थे इटलीच्या म्युझियमात हाय, थे शिजत नाई! ह्या घ्या, आत्ता शिजतेत!" बाजार हसला आणि टोपली रिकामी झाली. आता बाजारात शेजारी बसणाऱ्या बायाच म्हणतात, "हळू वो बाई, कान फुटले!"