खड्ड्यातली जागा

माझा थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. अंगाने बुटका, बोलायला त्याहून आखूड. त्यांचं काम दोघांचं असतं. एक वर मोटरच्या खोलीत, दुसरा खाली, लिफ्ट जिथे येऊन टेकते त्या खड्ड्यात. वर्षानुवर्षं खड्डा दादाचा आणि मोटर लांब्याची, अशी वाटणी होती. लांब्या हा त्याचा जोडीदार, आमच्याच चर्चमधला, कुठल्याही दारातून आत येताना सवयीनेच मान वाकवणारा. ‘देवाने तुला खड्ड्याचं माप घेऊनच घडवलंय,’ असं तो दादाला चिडवायचा. तुझ्या वेळी त्याला माप घ्यायला फुरसत झाली नाही, असं दादा म्हणायचा.

त्या दिवशी दादाचा गुडघा सुजला होता. तू वर बस, मी उतरतो, असं लांब्या आपण होऊन म्हणाला. काम चालू असताना ब्रेक सरकला आणि लिफ्ट खाली आली. इमारत जुनी, खड्डा उथळ. लिफ्ट पूर्ण टेकली तरी खाली कोपऱ्यात एका बुटक्या माणसाने अंग चोरून बसावं एवढी जागा उरते. दादा पूर्वी एकदा तसा बसून वाचलेला होता. तेव्हा बाहेर येऊन त्याने फक्त कपडे झटकले आणि चहा मागितला. लांब्या त्या जागेत मावला नाही.

हे इतकं फोडून सांगते, कारण आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना ते ऐकून घ्यायची गरजच वाटली नाही.

आमच्या चर्चमध्ये साक्ष देण्याची रीत आहे. आजारातून उठलेला, अपघातातून वाचलेला माणूस पुढे येतो, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो, आणि मंडळी आमेन म्हणते. पाळकसाहेब घरी आले आणि दादाला म्हणाले, या रविवारी तुमची साक्ष. दादाने विचारलं, देवाने मला वाचवलं असं म्हणू, मग लांब्याला काय केलं म्हणू? पाळकसाहेब हसले. गोड हसतात ते, साखर स्वस्त झाल्यासारखे. दादा म्हणाला, साहेब, मला संशय आहे. हल्ली मी चर्चमध्ये येतो तो देवाशी भांडायला येतो. त्यावर त्यांनी दादाच्या खांद्यावर थोपटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दादा पुढे जाणार नाही, हे कळल्यावर त्याची गोष्ट त्यांनी स्वतःच प्रवचनात घेतली. आपल्यात एक बंधू बसला आहे, म्हणाले. त्याच्या जागी त्याच्या मित्राने प्राण दिला, जसा आपणा सर्वांच्या जागी क्रुसावर एकाने दिला. आयता दृष्टांत हाती लागला तर सोडतो कोण! त्यांचा आवाज चढला, हात पसरले. आणि पुढून दुसऱ्याच बाकावर लांब्याची बायको बसलेली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण एवढं तरी कोणालाही कळायला हवं होतं.

दादा शेवटच्या बाकावरून उठला.

“तो माझ्या जागी मेला नाही,” तो म्हणाला. “माझ्या जागी मी असतो तर वाचलो असतो. तिथे माझ्यापुरती जागा होती. आणि त्याने प्राण दिला नाही, त्याचा गेला. हे देवाने केलं असेल तर मला देव कळत नाही. त्याने केलं नसेल तर तो तेव्हा कुठे होता, ते कळत नाही. ही माझी साक्ष.”

आमेन कोणी म्हटलं नाही.

मग चर्चचे पंच बसले. आपला संशय फिटला असं दादाने मंडळीसमोर सांगावं, तोवर त्याला प्रभुभोजनाची, ख्रिस्ताचं शरीर म्हणून सगळ्या मंडळीला वाटतात ती भाकर द्यायची नाही, असं ठरलं. जशी काही ती यांच्याच घरची! मी दादाला म्हटलं, सोड यांना, दुसरं चर्च बघू. तो म्हणाला, भांडण घरातलं आहे, ते दुसऱ्याच्या घरी जाऊन काय भांडू? भाकर त्याला हवी होती. खोटं बोलून नको होती, एवढंच. पण रविवार जवळ आला की तो जेवेनासा व्हायचा. आणि लांब्याच्या बायकोसमोर त्याने लांब्याला माती दिली त्या दिवसापासून मान वर केली नव्हती.

पुढच्या प्रभुभोजनाला गाणं चालू असताना ती आपल्या बाकावरून उठली आणि सरळ मागे आमच्याकडे आली. मी दादाच्या पलीकडेच बसले होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

“भाऊजी, तुम्ही उतरायला हवं होतंत. रोज वाटतं मला. तुम्ही मेला असतात तरी चाललं असतं, असंही वाटतं. देवाला सांगून झालं, तो काही बोलत नाही. म्हणून आता तुम्हाला सांगते.”

“मलाही तेच वाटतं, वहिनी,” दादा म्हणाला.

“ठाऊक आहे. सरका.”

तो सरकला. ती शेजारी बसली.

भाकरीचं ताट घेऊन पंचांपैकी एक जण बाकामागून बाक करत आले. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, जगाला नीट दिसावं म्हणून झटतात. त्यांनी ताट दादाच्या पुढून नेलं आणि वहिनीसमोर धरलं.

“आधी भाऊजींना,” वहिनी म्हणाली.

तसं ठरलेलं नाही, ते कुजबुजले.

“मग मलाही संशय आहे. त्यांच्याहून जास्तच आहे. आणखी कोणाकोणाला वगळायचं, विचारून या.”

पंचांनी वळून पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब हातातल्या द्राक्षरसाच्या पेल्यात बघत राहिले. गाणं संपलं, पेटी वाजवणाऱ्या बाईंनी ते पुन्हा सुरू केलं. बाकाबाकावरून माना मागे वळल्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी ते ताट हिसकावलंच असतं, मग चर्चच्या वहीतून माझं नाव काढून टाकलं असतं तरी बेहत्तर. पण तेवढ्यात ताट हळूहळू दादाच्या पुढ्यात आलं.

“ख्रिस्ताचं शरीर,” ते पुटपुटले.

दादाने तुकडा घेतला आणि खाल्ला. आमेन म्हटलं नाही. मग आपला तुकडा घेताना वहिनीनेही नाही.