झोपेत दिलेला तलाक

"काल मला स्वप्न पडलं," असं कुणी सकाळी म्हणालं की मला अजूनही चीड येते. त्याला कारण आहे.

निजामाच्या अंमलातली गोष्ट. चुडाव्यात आमचं कापूस पिंजायचं घर होतं. एका पहाटे हे रडतच उठले. स्वप्नात कुणा बुजुर्ग पीराच्या सांगण्यावरून यांनी मला तीनदा तलाक दिला होता. मी हसून चुलीकडे वळले, तर अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूने, हातातला उलथना काढून घेतला. "सपने में दिया तो भी तलाक तलाकच है!" झालं. लेकराला कडेवर घेऊन मी शेजारच्या पाटलीणबाईंच्या ओसरीवर. यांची माझ्यावर माया होती, पण पापाची धास्ती त्याहून मोठी. ओसरीकडे बघायचे, डोळे पुसायचे आणि मान वळवायचे. अशा माणसाशी भांडावं तरी कसं? पाटलीणबाई म्हणाल्या, "अगं, म्या सपनात लय येळा सासूला इहिरीत ढकललंय. सकाळी भाकर मागायलीय की ती!" पण हे अम्मांना कोण सांगणार?

शेवटी परभणीच्या काझींकडे जायचं ठरलं. स्टेशनवर आमच्या मधोमध अम्मा बसल्या, आम्ही एकमेकांकडे बघूसुद्धा नये म्हणून. गाडीला उशीर झाला आणि माझा बांध फुटला. सगळ्यांदेखत मी ओरडले, "झोपेतल्या बडबडीवर माझा संसार मोडणार का?"

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ नमाजाआधी वजू करत, हात-तोंड धूत होते. ते ओल्या हातांनीच जवळ आले. कुठल्याशा तालुक्यात त्यांनी बरीच वर्षं नायब काझी म्हणून काम केलं होतं. यांचं सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "झोपला होतास ना? मग झोपेतल्या शब्दाचा जाब शरियत विचारत नाही. त्याने निकाह लागत नाही, तलाकही होत नाही."

"पण बुजुर्ग आले होते!" अम्मा म्हणाल्या.

"कुणीही येवो, बहन. स्वप्नाने दिलासा मिळतो, हुकूम बदलत नाही. नाहीतर लोक उशा घेऊनच कचेरीत आले असते." मग यांच्याकडे वळून म्हणाले, "तलाक झोपेत होत नाही, बेटा. माफी मात्र जागेपणी मागावी लागते."

यांनी ती तिथेच मागितली, सगळ्या फलाटासमोर. अम्मा उठून आमच्या मधून बाजूला सरकल्या. तेवढ्यात गाडी आली, म्हातारबाबा चढले आणि त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं.

ओसरीवरच्या त्या दिवसांत मी प्रत्येक नमाजात एकच मागत होते: अल्लाह, यांना उलटं स्वप्न पडू दे. त्याने स्वप्न पाठवलं नाही, एक जागा माणूस पाठवला. तेव्हापासून मी मागते, पण कसं द्यायचं ते त्याला शिकवत नाही.