फक्कीच्या तीन रेषा

पँट दोन्ही गुडघ्यांपाशी चिमटीत धरून दोन बोटं वर घ्यायची, चपला कडेला काढायच्या आणि म्हणायचं, "चला, बठ्ठं सरळ शे." म्हणजे अहिराणीत, सगळं सरळ आहे. आमच्या शाळेतले नाना असं म्हणाले की समजायचं, हा एक्कावन्न वर्षांचा माणूस आता उडी मारणार.

पिंपळनेरपासून थोडं आत, डोंगराकडच्या एका गावात आमची दोन शिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी नानांकडे. मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. ते मला भाऊ म्हणत आणि चुकलो की "भाऊसाहेब". पाढे, कविता, बेरजा-वजाबाक्या यांत नानांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नसेल. इंग्रजीचं नाव काढलं की मात्र हा भला माणूस फळा पुसायला लागायचा. फळा कोरा असला तरी पुसायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची भीती त्यांच्यापुरती असते, कुणाला तिचा उपद्रव नसतो. पण मग तो नियम आला. नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा द्यायची, दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर नोकरी गेली. त्या परीक्षेत इंग्रजी होतं. पत्रक वाचून झाल्यावर नानांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. दुपारपर्यंत मी त्यांना चार वेळा ते काढून वाचताना पाहिलं. परीक्षा मलाही होतीच. पण मी निदान डब्यातली पोळी संपवली. नानांचा डबा तसाच घरी गेला.

त्यांना इंग्रजी शिकवायचं माझ्याकडे आलं. मी म्हटलं, नाना, आधी नियमाने चालणारी क्रियापदं घेऊ. रोजचं काम असेल आणि करणारा तो किंवा ती असेल, तर शेवटी एस. काल झालं तर एड. आत्ता चाललं असेल तर इंग. वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. नामांचंही तसंच, एक ऑनियन, दोन ऑनियन्स. नियम सोडून वागणारे शब्द शेवटी बघू.

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे ही सरळ माणसं आहेत. काल कशी वागली, उद्या कशी वागतील, आधीच कळतं. असे शेजारी मिळाले पाहिजेत, भाऊ."

पण वहीत लिहून त्यांच्या डोक्यात काही राहीना. आठवडाभराने म्हणाले, "मला शिकवल्याशिवाय शिकता येत नाही. पोरांना घेतो." दुसऱ्या दिवशी कबड्डीचं मैदान आखायची फक्की काढून त्यांनी पटांगणात तीन रेषा मारल्या. दोरी न लावता, तरी एका सुतात. मधल्या रेषेवर उभं राहायचं. पुढच्या रेषेवर उजवा पाय टाकला की रोज, म्हणजे एस. मागच्या रेषेवर टाच आपटली की काल, म्हणजे एड. मधल्या रेषेवरच दोन्ही पायांनी नाचलं की आत्ता, म्हणजे इंग. मी शब्द ओरडायचा आणि नाना व सोळा पोरं उडी मारायची. जंप, जंप्स, जंप्ड, जंपिंग. त्या पोरांच्या घरी अहिराणी, काहींच्या घरी डोंगरातल्या आदिवासींची कोकणी किंवा भिली. मराठी हीच त्यांची शाळेतली भाषा. तरी महिन्याभरात पटांगणात नुसता धुरळा आणि इंग्रजी. बांधावर थांबून एक म्हातारी म्हणाली, "मास्तरना अंगमा काय उनं?" मास्तरांच्या अंगात आलं, असं तिला वाटलं. नाना उडी मारता मारताच म्हणाले, "इंग्रजी उनं, मावशी."

मला सांगायला लाज वाटत नाही, मीसुद्धा त्या रेषांवर चार गोष्टी पक्क्या केल्या.

परीक्षा धुळ्याला होती. पहाटेच्या बसने निघालो. साक्री येईपर्यंत नानांनी प्रवेशपत्र, ओळखपत्र, दोन काळी पेनं पाच-सहा वेळा चाचपली. नशिबाने आम्हा दोघांना एकच खोली मिळाली. नाना खिडकीच्या रांगेत, मी त्यांच्या मागे तिसऱ्या बाकावर.

पहिला तासभर ठीक गेला. मग इंग्रजीचा भाग आला असणार, कारण नानांच्या चपला बाकाखाली शेजारी शेजारी लागल्या आणि पाय चालू झाले. उजवा पाय पुढे. मग टाच मागे. मग दोन्ही पाय जागच्या जागी. मला हसू आलं. मी ओळखलं, नाना पटांगणात आहेत, आता अडत नाहीत.

पर्यवेक्षक बाईंनीही पाय पाहिले. त्या तरातरा आल्या. "खाली काय आहे? पायाने काय सरकवताय?"

नाना उभे राहिले. "काही नाही, मॅडम. सवय शे."

"कसली सवय?"

आता सांगणार काय? पाय हलवल्याशिवाय मला एड आठवत नाही, असं पन्नाशीच्या मास्तराने भरल्या खोलीत कसं म्हणावं? बाईंनी चपला उलट्या करून पाहिल्या. पँट वर करायला लावली. बाक सरकवला. दुसऱ्या खोलीतून आणखी एक साहेब आले. सगळी खोली पेपर सोडून त्या अनवाणी पायांकडे बघत होती.

मग साहेबांनी खोलीभर नजर फिरवून विचारलं, "यांना कुणी ओळखतं का इथे?"

मी ओळखत होतो. अकरा वर्षं रोज एका पटांगणात, एका घागरीचं पाणी पीत होतो. उठून एवढंच म्हणायचं होतं की साहेब, हे असेच शिकवतात. पण माझ्यासमोर माझा पेपर होता. माझा बाक सरकवला तर? दोघे मिळून करतात असं वाटलं तर? घरी दोन मुली आहेत, असंही मनात आलं. मी मान खाली घातली आणि एक गोल काळा केला. तो बरोबर होता की चूक, आजही माहीत नाही.

नानांना पुढे, टेबलाजवळ बसवलं. "पाय सरळ ठेवा. हलले तर पेपर घेईन." उरलेला वेळ नाना फोटो काढायला बसल्यासारखे बसले होते. त्यांचं पेन फार कमी हललं.

बस स्टँडवर त्यांनी दोन कप चहा सांगितला. "तुझा कसा गेला?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बरा.

मी पास झालो. नाना चार गुणांनी राहिले. मला पेढा त्यांनीच भरवला.

अजून एक संधी होती. नानांनी तयारी सुरू केली, पण आता निराळी. मधल्या सुट्टीत खुर्चीवर बसायचे, मफलरने दोन्ही घोटे एकत्र बांधायचे आणि पुस्तक उघडायचे. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, पाय कसाले बांधेल शेतस?"

"त्यास्ले भलती घाई शे, बेटा."

पाय थांबायला शिकले, पण त्यांच्याबरोबर शब्दही थांबले. वॉश विचारलं की नाना माझ्याकडे बघत राहत. मी उत्तर सांगितलं की म्हणत, "हो, हो, सरळ शे," आणि पुढच्या शब्दाला पुन्हा तेच. रक्तदाब वाढला. त्या बांधलेल्या पायांकडे माझ्याने बघवत नसे, आणि का बघवत नाही हे त्यांना सांगायचं धाडसही नव्हतं. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायच्या आठवड्यात त्यांनी दुसराच अर्ज भरला, स्वेच्छानिवृत्तीचा. नरडाण्याजवळ त्यांचं गाव आहे, तिकडे निघाले.

शेवटच्या दिवशी त्यांनी फक्कीचा डबा माझ्या हातात दिला. पोरं रडत होती म्हणून आम्ही दोघे पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिलो. मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी खोलीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी..."

"माहीत शे." त्यांनी पँट दोन बोटं वर घेतली आणि पुन्हा सोडली. "तू मागे आहेस हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो, तर तुला उठावं लागलं असतं."

ते बसमध्ये चढले तेव्हा मी डबा छातीशी धरून उभा होतो.

आता चारही वर्ग माझ्याकडे आहेत. रेषा मी आखतो, दोरी लावूनही त्या वाकड्या येतात. पोरं नानांसारखी उडी मारतात, नव्या पोरांना जुनी शिकवतात. मागच्या महिन्यात तपासणीला साहेब आले. पोरांचं एस, एड, इंग पाहून खूश झाले. वहीत काही लिहिलं आणि मला म्हणाले, "छान पद्धत आहे, सर. तुमची?"

मी म्हटलं, "नाही. आमच्या नाना गुरुजींची."

"अस्सं?" साहेब पोरांकडे वळले. "काय रे, कोण कोण ओळखतं या नाना गुरुजींना?"

सगळ्यांचे हात वर गेले. पहिलीतल्या, नानांना कधी न पाहिलेल्या पोरांचेसुद्धा. माझाही गेला.

साहेब हसले. "सर, तुम्ही घ्या खाली."

मी घेतला नाही.