अंगणात उभा राहणारा माणूस

आम्ही हे घर घेतलं तेव्हा शिकागोच्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. कढीपत्ता हवा असला तर शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूची देशी दुकानं, म्हणजे गाडीने तीन तास. पण नवऱ्याला इथल्या लहानशा हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती, आणि शहरातल्या फ्लॅटच्या किमतीत दोन एकर जागा मिळत होती. घर रस्त्यापासून बरंच आत. पुढे नुसतं गवत, मग हायवे, पलीकडे दोन-चार घरं आणि मका.

सासूबाई आमच्याकडेच असतात. तिन्हीसांजा झाल्या की देवाजवळ दिवा लावायचा, पोर्चचा लाइट लावायचा आणि पुढचं दार सताड उघडायचं, हा त्यांचा नेम. लक्ष्मी यायची वेळ. हीटिंग चालू असलं तरी.

"अगं, तो बघ. कालही होता," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या.

गवताच्या मधोमध एक म्हातारा उभा होता. हलत नव्हता. घराकडे बघत होता.

"पाय उलटे आहेत का बघ."

"आई, बूट आहेत. सरळ आहेत."

मी बाहेर गेले. त्याने मला विचारलं, "जेवण तयार आहे ना?"

तेवढ्यात त्याची मुलगी घाईघाईने गाडी घेऊन आली. तिने सांगितलं, घर पूर्वी यांचंच. संध्याकाळी तिची आई पोर्चचा लाइट लावून दार उघडायची; शेतातून जेवायला या, अशी ती खूण. आई आता नाही, आणि वडिलांना ते लक्षात राहत नाही. आता ते समोर तिच्याकडे राहतात. लाइट दिसला की हायवे ओलांडतात.

"एक ट्रक थोडक्यात चुकला," ती म्हणाली. "पुन्हा असं झालं तर त्यांना दारं कुलूपबंद ठेवणाऱ्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. प्लीज, लाइट लावू नका."

"मग लक्ष्मीने काय चिमणीतून यायचं?" सासूबाई कुरकुरल्या. पण दुसऱ्या दिवशी दार बंद ठेवलं, लाइटही नाही.

तो तरीही आला. एकेका खिडकीतून आत डोकावत घराभोवती फिरला. मग तळव्याने काच बडवायला लागला. "अंधार का आहे? तिला काय झालं?"

मी सगळे लाइट लावले आणि त्याच्या मुलीला फोन केला. त्या दिवशी आम्ही ठरवलं: लाइट लावायचा, आणि तो निघायच्या आत तिने त्याला गाडीत घालून आणायचं. इथे जेवायचं, मग परत.

पहिल्या दिवशी मी वरणभात वाढला. त्याने चमचा उचलला नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला.

"ती कुठाय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं की तो दर वेळी नव्याने रडायचा, हे तिने मला आधीच सांगितलं होतं.

"ती जेवली," मी म्हटलं.

"माझ्याआधी? ती कधीच जेवत नाही."

तो उठायला लागला. मी सासूबाईंना मराठीत सगळं सांगितलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला. मग भांडी वाजायला लागली, जरा जास्तच.

त्याने कान देऊन ऐकलं, खाली बसला आणि जेवला.